एकच उलटसुलट सेल की दोन वेगळी यंत्रं? हायड्रोजनमध्ये वीज साठवण्याआधीचा हिशोब

जास्तीची सौर किंवा पवनवीज हायड्रोजन करून ठेवायची आणि लागेल तेव्हा पुन्हा वीज करायची, असं ठरलं की समोर दोन मार्ग येतात. पहिला जुना आणि रुळलेला आहे. पाण्यातून हायड्रोजन काढायला एक इलेक्ट्रोलायझर, हायड्रोजनपासून वीज करायला दुसरा फ्युएल सेल. दुसरा मार्ग रिव्हर्सिबल, म्हणजे उलटसुलट चालणाऱ्या, सॉलिड ऑक्साइड सेलचा. यात यंत्र एकच असतं. दुपारी ते वीज खातं आणि हायड्रोजन देतं, रात्री हायड्रोजन खातं आणि वीज देतं. शेजारी बॅटरी असतेच. तिला वगळून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल, म्हणून तिचाही हिशोब खाली मांडला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा सेल किती वीज खातो आणि किती परत देतो, हे सगळेच विचारतात. तो काहीही न करता, नुसता तापून, किती तास बसून राहणार आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. निवड बहुतेक वेळा तिथेच ठरते.

आधी सेल कसा असतो ते पाहू. हातात घेतला तर साधारण तळहाताएवढी चौकोनी चकती, जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर. एक बाजू काळी, दुसरी हिरवी. काळी बाजू ऑक्सिजनची, तिथे लँथेनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांचं मिश्र ऑक्साइड असतं. हिरवी बाजू निकेल ऑक्साइडची. पहिल्यांदा गरम करून तिच्यावरून हायड्रोजन सोडला की ती करडी होते, म्हणजे ऑक्साइडचं धातू निकेल होतं. या दोन थरांच्या मध्ये झिर्कोनियाचा जेमतेम दहा मायक्रॉनचा पडदा असतो, त्यात थोडं यिट्रिया मिसळलेलं. हा पडदा थंड असताना जवळजवळ विद्युतरोधक असतो. सातशे-आठशे अंशांना मात्र त्यातून ऑक्सिजनचे आयन आरपार जाऊ लागतात. चकती हातातून निसटली तर चिनी मातीच्या बशीसारखी फुटते. अशा अनेक चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये धातूचे पत्रे घातले, कडा काचेसारख्या पदार्थाने सील केल्या, की स्टॅक तयार.

कल्पना नवी नाही. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी १९३७ मध्येच चालवून दाखवला होता. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरचं मॉक्सी नावाचं उपकरणही याच जातीचं. त्याने मंगळावरच्या कार्बन डायऑक्साइडमधून २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. तेव्हा तत्त्वाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. शंका घ्यायची ती रोजच्या व्यवहाराबद्दल.

उष्णतेचा फायदा नेमका कुठे होतो

एक किलो हायड्रोजन काढायला किती वीज लागेल, हे सेलवर किती व्होल्ट पडतात यावर ठरतं. दर व्होल्टला २६.६ युनिट, एवढं एकच गणित लक्षात ठेवलं तरी माहितीपत्रकांतले निम्मे आकडे स्वतः तपासता येतात. पेम इलेक्ट्रोलायझर (प्रोटॉन आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकसारख्या पडद्याचा) ५० ते ८० अंशांना चालतो आणि त्याच्या सेलवर साधारण १.८ ते २ व्होल्ट पडतात. म्हणजे स्टॅकलाच ४८ ते ५३ युनिट लागले. पंप, रेक्टिफायर, वायू सुकवणं हे धरलं की आकडा किलोला ५० ते ५५ च्या घरात किंवा त्याच्याही वर जातो.

सॉलिड ऑक्साइड सेलला पाण्याऐवजी वाफ मिळते आणि तीही आठशे अंशांची. या तापमानाला पाण्याचा रेणू तोडायला लागणाऱ्या ऊर्जेतला बराच वाटा उष्णता उचलते. ०.९८ व्होल्टच्या वर गेलं की क्रिया सुरू होते आणि १.२९ व्होल्टला सेल ना तापतो ना थंड होतो. १.२९ गुणिले २६.६ म्हणजे ३४.३ युनिट. फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे.

पण यातली वाफ आली कुठून? एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी लागतं. ते पंचवीस अंशांवरून शंभरावर नेऊन त्याची वाफ करायला सव्वासहा युनिटांहून थोडी जास्त उष्णता लागते. शेजारी कारखान्याची वाया जाणारी वाफ असेल तर ती फुकट मिळाली. नसेल तर ती विजेनेच करावी लागते आणि तोंडात आलेला घास तिथे निसटतो. माझ्यासमोर एकदा आलेल्या एका माहितीपत्रकात कार्यक्षमता चक्क शंभर टक्क्यांच्या वर होती. खोटं काहीच नव्हतं. हायड्रोजनचं उच्च उष्मांक मूल्य, म्हणजे जळून झालेल्या वाफेचं पाणी होतानाची उष्णताही धरून, किलोला ३९.४ युनिट आहे. त्याला ३४.३ ने भागलं तर ११५ टक्के येतात. फक्त वाफ हिशोबात धरलेली नव्हती. ती उष्णता सोडून येणारं कमी उष्मांक मूल्य, म्हणजे ३३.३ युनिट, धरलं तर तेच यंत्र शंभराच्या खाली येतं. म्हणून टक्क्यांच्या नादी न लागता किलोला किती युनिट ते विचारावं, आणि वाफ कोण पुरवणार तेही. बाहेरची वाफ मिळाली तर काय होतं याचा एक आकडा आहे: अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीत २०२२ मध्ये झालेल्या चाचणीत ब्लूम एनर्जीच्या इलेक्ट्रोलायझरला किलोला ३७.७ युनिट वीज लागली.

आता सेल उलटा फिरवू. वीज देताना तो साधारण ०.८ ते ०.८५ व्होल्टवर चालतो आणि चांगलाच तापतो. इथे एक विचित्र योग जुळून येतो. वीज देताना उष्णता जास्त होते, हायड्रोजन करताना ती हवी असते, आणि या दोन वेळांत अंतर असतं सहा-आठ तासांचं. रात्रीची उष्णता दुपारपर्यंत धरून ठेवता आली तर दोन्हीकडून फायदा. ती धरून ठेवणं अजून बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. तसं न करता, १.२९ व्होल्टने आत आणि ०.८५ ने बाहेर, एवढंच धरलं तर स्टॅकच्या पातळीवरच परतावा ६६ टक्के येतो. ब्लोअर, हीटर, न जळलेलं इंधन, इन्व्हर्टर यांचा वाटा गेल्यावर काय उरतं? जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राने १०/४० किलोवॅटच्या (देताना १०, घेताना ४०) संचावर वीज देताना सुमारे ६३ टक्के आणि हायड्रोजन करताना सुमारे ७१ टक्के मिळवले. गुणाकार ४५ टक्के. हायड्रोजन टाकीत दाबून भरायचा खर्च त्यात नाही.

सहाशे युनिटांचं काय होतं

समजा रोज सहा तास १०० किलोवॅट वीज जास्तीची आहे, म्हणजे ६०० युनिट. हायड्रोजन २०० बारला भरायचा. सॉलिड ऑक्साइड सेल साधारण वातावरणाच्या दाबावर हायड्रोजन देतो, म्हणून दाबायला किलोला ३ युनिट धरले. पेम यंत्र ३० बारच्या आसपास देतं, तिथे १ युनिट धरला. हे माझे गृहीत आकडे आहेत, कोणत्याही एका यंत्राचे नाहीत.

| मार्ग | हायड्रोजन | परत मिळालेली वीज | परतावा |
|---|---|---|---|
| उलटसुलट सेल, वाफ स्वतःची | १२.६ किलो | २५२ युनिट | सुमारे ४२ टक्के |
| उलटसुलट सेल, वाफ बाहेरची | १५ किलो | ३०० युनिट | सुमारे ५० टक्के |
| पेम जोडी (वेगळा इलेक्ट्रोलायझर आणि फ्युएल सेल) | १०.९ किलो | १८२ युनिट | सुमारे ३० टक्के |
| लिथियम बॅटरी | नाही | सुमारे ५२० युनिट | ८५ ते ९० टक्के |

रोजच्या रोज भरायचं आणि रोजच्या रोज रिकामं करायचं असेल, तर शेवटची ओळ बघून विषय इथेच संपवावा. बॅटरीच घ्यावी. हायड्रोजनचा विचार तेव्हा, जेव्हा साठा आठवडे-महिने टिकवायचा आहे, किंवा हायड्रोजनच वेगळ्या कामाला हवा आहे. मोठी टाकी घेणं मोठी बॅटरी घेण्यापेक्षा सोपं असतं. शिवाय टाकी मोठी केली तरी यंत्राची ताकद वाढवावी लागत नाही.

आता मुद्द्याचं. वरच्या पहिल्या ओळीत २५२ युनिट २५ किलोवॅटने परत द्यायचे तर दहा तास लागतात. सहा तास भरणं, दहा तास देणं, उरले आठ. या आठ तासांत सेल थंड होऊ द्यायचा नाही, कारण थंड स्टॅक पुन्हा तापवायला कित्येक तास जातात आणि प्रत्येक थंड-गरम फेरीत चकत्यांवर आणि सीलवर ताण येतो. मातीची, काचेची आणि धातूची प्रसरणं तंतोतंत सारखी नसतात. म्हणून त्याला गरमच ठेवतात. इन्सुलेशन कितीही चांगलं असलं तरी उष्णता झिरपतेच. ती भरून काढायला ३ किलोवॅट लागतात असं धरा. आठ तासांचे २४ युनिट. परतावा ४२ वरून ३८ वर आला. वाईट आहे, पण चालवून घेण्यासारखं.

मग पाच दिवस सलग ढग येतात आणि टाकीही रिकामी असते. १२० तास गुणिले ३ म्हणजे ३६० युनिट. एका चांगल्या दिवसाच्या एकूण परताव्यापेक्षा जास्त, आणि तेही काहीही न करता. बदल्यात एक युनिटही हाती लागत नाही.

त्यातच निकेलची बाजू असते. तापलेल्या निकेलला हवा लागली की त्याचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी फुगतं. वरचा दहा मायक्रॉनचा पडदा हे सहन करत नाही, तडकतो. म्हणून वाट पाहतानाही त्या बाजूला थोडा हायड्रोजन किंवा नायट्रोजनमिश्रित हायड्रोजन सोडत राहावं लागतं. पेम यंत्राला ही भानगड नाही. ते बंद करून ठेवता येतं, हवं तेव्हा चालू करता येतं आणि भार काही सेकंदांत बदलतं. उलटसुलट सेलला दिशा बदलायला गरम असतानाही काही मिनिटं लागतात, कारण नुसता विजेचा प्रवाह उलटवून भागत नाही, वाफ, हवा आणि हायड्रोजन यांचे प्रवाहही नव्याने बसवावे लागतात. वाऱ्याच्या झुळकीमागे सेकंदासेकंदाला धावायचं काम त्याला देऊ नये. तिथे आधी एक छोटी बॅटरी ठेवावी आणि सेलला संथ, लांब पल्ल्याचं काम द्यावं.

एक यंत्र म्हणजे अर्धा खर्च नव्हे

सेलची जाहिरात करणाऱ्यांचं लाडकं वाक्य असतं की दोन यंत्रांऐवजी एकच घ्या, पैसा वाचतो. यात तथ्य आहे, पण वरवर दिसतं तेवढं नाही. तोच स्टॅक वीज खाताना जेवढ्या ताकदीने खातो, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यानेच देतो. युलिशचा १०/४० हा आकडा हेच सांगतो. जर्मनीतल्या झाल्झगिटर इथल्या पोलाद कारखान्यात २०१६ पासून चाललेल्या ग्रिनहाय प्रकल्पातला संच १५० किलोवॅट वीज घेऊन तासाला ४० घनमीटर हायड्रोजन करायचा आणि उलट फिरवल्यावर ३० किलोवॅट द्यायचा. प्रमाण पाचास एक.

तुमची गरज या प्रमाणात बसते का? दुपारी थोडा वेळ भरपूर वीज आणि रात्रभर थोडी थोडी मागणी असेल, तर प्रमाण अगदी सोयीचं. उलट दिवसभर हळूहळू साठवून संध्याकाळच्या दोन तासांत जोरात वीज हवी असेल, तर सेल मोठा घ्यावा लागेल आणि त्याची भरण्याची ताकद बहुतेक वेळ पडून राहील. वेगळी जोडी घेतली तर इलेक्ट्रोलायझर लहान आणि फ्युएल सेल मोठा घेता येतो, आणि एक बिघडला तरी दुसरा चालतो. एकाच सेलवर सगळं टाकलं, की तो दुरुस्तीला गेल्यावर भरणंही थांबतं आणि देणंही.

एक गोष्ट मात्र मला अर्थपूर्ण वाटते. झाल्झगिटरमधल्या पुढच्या टप्प्यात, ग्रिनहाय २.० मध्ये, ७२० किलोवॅटचा नुसता इलेक्ट्रोलायझर बसवला गेला. पोलादाला हायड्रोजन हवाच आहे, मग त्याची परत वीज करून निम्मी घालवायची कशाला? तुमच्याकडेही खत, पोलाद, काच किंवा रिफायनरी असं हायड्रोजन घेणारं गिऱ्हाईक असेल, तर उलटी दिशा विकत घेण्याआधी दोनदा विचार करा. अशा ठिकाणी बहुधा वाफही हाताशी असते, म्हणजे सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझर घ्यायला कारण पक्कं आणि तो रिव्हर्सिबल असण्याला कारण कच्चं.

पेम सेललाही उलटसुलट चालवण्याचे प्रयत्न झाले आहेत. तिथे अडचण अशी, की फ्युएल सेलमधलं कार्बनचं आधारद्रव्य इलेक्ट्रोलायझरच्या व्होल्टेजला टिकत नाही आणि ऑक्सिजनच्या बाजूला एकच उत्प्रेरक दोन्ही कामं नीट करत नाही. त्यात पेमला इरिडियम लागतं आणि जगात त्याचं वर्षाचं उत्पादन सात-आठ टनच आहे. अल्कलाइन, म्हणजे क्षारीय द्रावणात चालणारा, इलेक्ट्रोलायझर स्वस्त आणि शतकभर वापरलेला, पण उलटा फिरवायच्या यादीत मी त्याला धरत नाही. सॉलिड ऑक्साइड सेलमध्ये प्लॅटिनम-इरिडियम नाही ही जमेची बाजू. प्रोटॉन वाहणारे सिरॅमिक सेल ४०० ते ६०० अंशांना चालतात आणि वाट पाहण्याचा खर्च कमी करतील अशी आशा आहे. आज विकत घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी थांबू नये.

आयुष्याचा प्रश्न

इथे सॉलिड ऑक्साइडची बाजू कमकुवत आहे असं समजलं जातं आणि ते बरंचसं खरंही आहे. पेम आणि अल्कलाइन स्टॅक पन्नास-साठ हजार तास आणि त्याहून जास्त चालवण्याचा अनुभव आहे. सॉलिड ऑक्साइड सेल फक्त हायड्रोजन करत राहिला, तर निकेल हळूहळू पडद्यापासून दूर सरकतं आणि ऑक्सिजनच्या बाजूचा थर दाबाने सुटू पाहतो. फक्त वीज देत राहिला तर चित्र बरंच बरं असतं. युलिशमध्ये ऑगस्ट २००७ मध्ये सुरू केलेला एक छोटा स्टॅक ७०० अंशांना एक लाख तासांहून जास्त टिकला. प्रयोगशाळेत, दोनच सेलचा, पण टिकला.

मग दोन्ही आलटून पालटून केलं तर? डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचं सुंदर उत्तर प्रसिद्ध केलं. एक तास हायड्रोजन, मग पाच तास वीज, असं चक्र चालवल्यावर सतत हायड्रोजन करणाऱ्या सेलमध्ये होणारी झीज जवळजवळ थांबली. जे एका दिशेने बिघडतं ते दुसऱ्या दिशेने भरून येतं. उलटसुलट सेलच्या बाजूने मला माहीत असलेला हा सगळ्यात जोरकस पुरावा आहे.

पण त्या चक्रातली मापं पाहा. हायड्रोजन करताना चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर, एक तास. वीज देताना अर्धा अँपिअर, पाच तास. म्हणजे जेवढा हायड्रोजन तयार झाला त्याच्या अडीचपट वापरला गेला. स्वतःच्या साठ्यावर जगणाऱ्या यंत्राला हे परवडणारं नाही, त्याला बाहेरून इंधन हवं. तुमच्या जागी नैसर्गिक वायू किंवा बायोगॅस असेल तर सॉलिड ऑक्साइड सेल, योग्य शुद्धीकरण आणि रिफॉर्मिंगसह (म्हणजे वायूतून हायड्रोजन मोकळा करून), तोही घेऊ शकतो. मग ढगाळ आठवड्यातही सेल नुसता तापत बसत नाही, वीज देत राहतो आणि त्याच उष्णतेत गरम राहतो. वाट पाहण्याचे तास असे भरून काढता आले, तर माझा वरचा सगळा तक्रारीचा सूर मवाळ होतो.

मी काय घेईन

रोजची उलाढाल चार-सहा तासांची असेल तर बॅटरी. साठा महिनोन्महिने ठेवायचा, वर्षातून थोडे दिवस वापरायचा आणि मधल्या काळात यंत्र पूर्ण बंद ठेवायचं असेल, तर पेम जोडी, परतावा ३० टक्के असला तरी. बंद यंत्र काही खात नाही. वाफ हाताशी आहे, सेल वर्षातले बहुतेक तास कुठल्या ना कुठल्या दिशेला चालणार आहे, भरण्याची ताकद देण्याच्या तिप्पट-चौपट असणं सोयीचं आहे आणि उरलेल्या उष्णतेला गिऱ्हाईक आहे, तर उलटसुलट सॉलिड ऑक्साइड सेल. या चारांतल्या दोन अटी जुळत नसतील तर मी पुढे जाणार नाही.

विक्रेत्याला विचारताना कार्यक्षमतेने सुरुवात करू नका, ती तो स्वतःच सांगेल. गरम राहून वाट पाहताना किती किलोवॅट आणि किती हायड्रोजन लागतो, ते लेखी मागा. किती वेळा पूर्ण थंड करून पुन्हा तापवलं तरी हमी लागू राहते, ते विचारा. दर हजार तासांना होणारी घट दोन्ही दिशांची वेगवेगळी मागा. हजार तासांना अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, चाळीस हजार तासांत तो वीस टक्के होतो. आणि आठशे अंशांवर असताना बाहेरची वीज अचानक गेली, तर निकेलच्या बाजूला वायू सोडणारा व्हॉल्व्ह कशावर चालतो, सिलिंडर किती तास पुरतो आणि तो बदलायला कोण येतं, हे जागेवर उभं राहून दाखवायला सांगा.